उद्या पहाटे निघायचंय आणि गाडी अजून जॅकवर आहे

(हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. अडखळलेलं, खोकलेलं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मे महिन्यातल्या आमच्या घाटफेरीच्या व्हिडिओत सगळ्यांच्या गाड्या दिसल्या, पण माझी पद्मिनी कुठेच दिसली नाही. तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, ‘विकलीस का?’ नाही विकली. ती त्या दिवशी शहापूरच्या एका गॅरेजमध्ये उभी होती, मागचं डावं चाक काढलेलं. का उभी होती ते आज सांगतो. आणि त्या निमित्ताने, लांब निघायच्या आदल्या दिवशी गाडीचं कुठलं काम करावं आणि कुठल्या कामाला हात लावू नये, तेही बोलू. माझ्या मते यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

आधी ठरलं काय होतं ते. शहापूरहून पहाटे साडेपाचला निघायचं. कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी. तिथून बारीमार्गे भंडारदरा, राजूर, कोतूळ, ब्राह्मणवाडा करत ओतूरला उतरायचं. ओतूरहून माळशेज घाटाने खाली, टोकावडे, सरळगाव आणि मग किन्हवलीवरून परत शहापूर. अडीचशे किलोमीटरच्या पुढे जातं सगळं मिळून. म्हणजे एक घाट चढायचा आणि दुसरा उतरायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमचा ग्रुप म्हणजे काही क्लब-बिब नाही. शहापूर, वासिंद, मुरबाड, सरळगाव इथली आठ-दहा माणसं, जुन्या गाड्यांचं खूळ असलेली. दोन मारुती ८००, एक जिप्सी, एक ओम्नी, एक कॉन्टेसा (ती निम्म्या वेळा येतच नाही, फक्त तिचा मालक येतो) आणि माझ्याकडे बाबांची प्रीमियर पद्मिनी. शिवाय एक स्विफ्ट आणि एक इलेक्ट्रिक गाडीवाला मित्र. हे दोघं आले की आम्ही त्यांना चिडवतो आणि काही बंद पडलं की त्यांच्याच गाडीत जाऊन बसतो.

पद्मिनी ज्यांनी फक्त सिनेमात पाहिली असेल त्यांच्यासाठी: मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून डोळ्यांसमोर जी गाडी येते ना, तीच. फियाट ११०० वरून आलेली, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. १०८९ सीसीचं इंजिन. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. खाजगी पद्मिन्या मात्र अजून आहेत आणि त्यांचे मालक माझ्यासारखे शनिवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये सापडतात.

शनिवार, संध्याकाळी सहा

त्या शनिवारी आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला होता. प्रत्येकाचं काही ना काही चालू. एकाने जिप्सीला नवे एलईडी लाइट लावले, त्याचा फोटो. दुसऱ्याने ८०० ला पॉलिश मारलं, त्याचे सात फोटो. तिसऱ्याने, म्हणजे ओम्नीवाल्याने, संध्याकाळी चार वाजता टाकलं, ‘कार्बोरेटर खोलून साफ केला, पिकअप बघा उद्या.’ त्याखाली अंगठे आणि आगीचे इमोजी.

मी काहीच टाकलं नाही. कारण माझ्या गाडीच्या मागच्या चाकातून पंधरा दिवस आवाज येत होता आणि पंधरा दिवस मी म्हणत होतो, ‘बघू या शनिवारी.’ मे महिना, लग्नसराई. आमच्याकडचे मिस्त्री या दिवसांत वऱ्हाडाच्या गाड्यांत गळ्यापर्यंत बुडालेले असतात. इको, बोलेरो, तवेरा, कुणाचा क्लच गेलाय, कुणाचा एसी. त्यात माझी हौसेची गाडी कोण घेणार? शेवटी शनिवारी संध्याकाळी काकांनी (आमच्या मिस्त्रींना सगळे काकाच म्हणतात) जॅक लावला, टॉमीने नट सोडले, ड्रम ठोकून बाहेर काढला आणि काहीच बोलले नाहीत. मिस्त्री गप्प झाला की समजायचं.

आत सगळं ओलं होतं. टायरच्या आतल्या बाजूलाही तेलकट ओघळ. ब्रेक ऑइल.

आता हे ओलं म्हणजे नक्की काय, ते समजून घेऊ. तुम्ही ब्रेकचं पेडल दाबता तेव्हा तुमचा पाय थेट चाकाला काही करत नाही. पाय दाबतो मास्टर सिलिंडर, त्यातलं ब्रेक ऑइल बारीक पाइपांतून चारही चाकांकडे ढकललं जातं. ड्रम ब्रेकमध्ये प्रत्येक चाकाशी एक छोटा सिलिंडर असतो, अंगठ्याएवढा. ऑइलच्या दाबाने त्यातले पिस्टन बाहेर सरकतात, ब्रेक शू ड्रमवर आतून दाबले जातात आणि चाक थांबतं. या छोट्या सिलिंडरात ऑइल अडवून धरतात दोन रबरी वॉशर. वाटी एवढीशी, किंमत फारशी नाही. पण तुमच्या पायातला आणि चाकातला सगळा विश्वास त्या रबरावर आहे.

ते रबर गेलं की दोन गोष्टी होतात. एक, ऑइल शूच्या लायनरवर सांडतं, ते चाक नीट पकडत नाही आणि ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. दोन, ऑइल कमी होत जातं. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात, एक गेली तरी दुसरी निम्म्या ताकदीने का होईना थांबवते. जुन्या बऱ्याच गाड्यांत लाइन एकच. एका चाकाशी गळती म्हणजे चारही चाकांचा कारभार आटोपला.

‘किट घातलं की होईल ना काका?’ मी विचारलं. किट म्हणजे तेच रबर वॉशर.

‘किट आण आधी.’

किटचा प्रवास

शहापूरमध्ये पद्मिनीचं किट नव्हतं. मुरबाडला फोन केला, दुकानदार हसला. म्हणाला, ‘बोलेरोचं पाहिजे तर दहा देतो.’ शेवटी कल्याणला एका दुकानात मिळालं. आमचा एक मित्र तिथेच नोकरीला आहे, त्याने ते घेतलं, खिशात टाकलं आणि कसारा लोकलने आसनगावला उतरला. मी बाइकवरून आणायला गेलो. रात्रीचे पावणेनऊ. मला तर सिनेमातल्यासारखं वाटत होतं, औषध वेळेवर पोचलं, पेशंट वाचला.

काकांनी तोवर सिलिंडर खोलून, पुसून ठेवला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि मोबाइलचा टॉर्च आत मारायला सांगितलं. आतली भिंत आरशासारखी हवी. तिथे बारीक खड्डे होते, गंजाचे. करंगळी फिरवली तरी नखाला लागत होते.

आणि इथे मंडळी, मला वाटतं आजच्या भागातली कामाची गोष्ट आहे. काका म्हणाले ते जवळजवळ जसंच्या तसं सांगतो. ‘किट घालून देतो. हवा काढून देतो. रात्री दहाला तू पेडल दाबशील तर दगडासारखं लागेल. खूश होऊन घरी जाशील. पण हा खड्डा त्या रबराला खरवडणार. किती वेळात, ते मला माहीत नाही. इथे शहापूरच्या बाजारात खरवडलं तर ठीक आहे.’

पुढचं त्यांनी म्हटलं नाही. माळशेजचं नावही काढलं नाही.

ब्रेकची हवा काढणं म्हणजे पाइपात शिरलेले हवेचे बुडबुडे बाहेर काढणं. टायरच्या हवेशी त्याचा संबंध नाही. ऑइल दबत नाही, हवा दबते. लाइनीत हवा असली की पाय आत जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. ती काढली की पेडल टणक होतं. पण टणक पेडल हा फक्त त्या क्षणाचा पुरावा आहे. दुसऱ्या दिवशी चौथ्या तासाला, गरम झालेल्या ब्रेकवर ते तसंच राहील का, हे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत कळायचा काही मार्गच नसतो. शेवटच्या क्षणी केलेल्या प्रत्येक कामाची हीच गोची आहे. काम झालेलं असतं, पण ते टिकतं का ते अजून कुणी पाहिलेलं नसतं.

एकाने ग्रुपवर सुचवलं, त्या चाकाची लाइन बंद कर आणि तीन चाकांच्या ब्रेकवर चल, ट्रकवाले करतात. मी हे काकांना सांगितलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मेसेज डिलीट करायला सांगितलं. एका बाजूची दोन चाकं धरणार, दुसऱ्या बाजूचं एकच धरणार. जोरात ब्रेक मारला की गाडी फिरणार. घाटात ती कुठल्या बाजूला फिरते यावर सगळं अवलंबून. नको.

वीस लिटर पाणी

आता थोडं गणित करू. घाबरू नका, एकच आहे.

माळशेजच्या वरच्या पठारावरून खालच्या सावर्ण्यापर्यंत तुम्ही साधारण साडेपाचशे मीटर खाली उतरता. रस्त्याची लांबी नव्हे, सरळ उंची. पद्मिनी आणि चार माणसं मिळून धरा बाराशे किलो. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली येतं तेव्हा त्याची ऊर्जा कुठेतरी जायला हवी. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ती उष्णता होते. किती उष्णता? साधारण साठ-पासष्ट लाख ज्यूल. हा आकडा मलाही काही सांगत नाही, म्हणून असं धरा: ऑफिसात पाण्याचा मोठा वीस लिटरचा जार असतो ना, तो पूर्ण भरून उकळायला लागेल एवढी. थोडी जास्तच.

यातली काही हवेच्या विरोधात जाते, काही टायरमध्ये. उरलेली तुम्ही कुठे टाकायची ते तुमच्या हातात आहे, म्हणजे गिअरच्या दांड्यात आहे. न्यूट्रलमध्ये किंवा टॉपमध्ये उतरलात तर जवळपास सगळी चार ब्रेकमध्ये जाते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर बरीचशी इंजिन खातं, कारण इंजिनच गाडीला मागे खेचतं. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे ट्रकवाले सांगतात ते याचसाठी. ‘पेट्रोल वाचवायला’ घाटात न्यूट्रल करणारे अजून भेटतात मला, आणि आजच्या गाड्यांत तर त्याने पेट्रोलही वाचत नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि गाडी गिअरमध्ये असली की फ्युएल इंजेक्शन पेट्रोल बंदच करतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावं लागतं.

ब्रेक फार तापले की काय होतं? ड्रम गरम होऊन फुगतो, शूपासून लांब जातो, पेडल खोल जायला लागतं. आणि दुसरं, जास्त वाईट: ब्रेक ऑइल उकळतं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, डबा नुसता उघडा ठेवला तरी. नवीन डॉट ३ ऑइल २०५ अंशांच्या पुढे उकळतं. तेच दोन-तीन वर्षांत ओलावा पिऊन बसलं की १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की लाइनीत वाफ होते आणि वाफ दबते. म्हणजे आपण परत तिथेच, पाय जमिनीला टेकलेला आणि गाडी चाललेली.

म्हणून तुमची गाडी नवी असली, डिस्क ब्रेक असले, एबीएस असलं, तरी ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते सर्व्हिसच्या बिलावर बघा. बऱ्याच कंपन्या दोन वर्षांनी बदला म्हणतात आणि बरेच लोक गाडी विकेपर्यंत बदलत नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड कसा लावायचा ते घरासमोर शिकून घ्या, घाटात नाही. इलेक्ट्रिकवाल्यांना एक वेगळी गंमत आहे. त्यांची गाडी उतारावर स्वतःच चार्ज होत ब्रेक लावते, पण घाटमाथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागाच नसते आणि तो ब्रेक कमी पडतो. आमच्या मित्राला हे कळल्यापासून तो वर चार्जिंग थोडं रिकामं ठेवून उतरतो.

बाबा

परत शनिवारी रात्री. साडेनऊ वाजलेत, सिलिंडर माझ्या हातात, किट खिशात.

मला जायचंच होतं, आणि याच गाडीने. कारण बाबा येणार होते. ही गाडी त्यांनी घेतलेली. मी लहान असताना मामाच्या गावाला, ओतूरला, आम्ही हिच्यातूनच माळशेजने जायचो. आई पुढे, मी आणि ताई मागे, मांडीवर आंब्याची पेटी. गेली काही वर्षं बाबांनी गाडी चालवणं सोडलंय, गुडघे साथ देत नाहीत. या वेळी मीच त्यांना म्हटलं होतं, चला, तुमच्या गाडीतून तुमच्याच रस्त्याने नेतो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय, असं आईने दुपारी फोनवर सांगितलं होतं. अशा वेळी माणूस मिस्त्रीकडून एकच वाक्य ऐकायला उत्सुक असतो: ‘काही होत नाही, जा.’ आणि असं म्हणणारा मिस्त्री शोधला तर सापडतोही. नाक्यावर दुसरं गॅरेज उघडं होतं.

मी घरी फोन केला. बाबांना सगळं सांगितलं, खड्ड्यांसकट. मला वाटलं ते हळहळतील. ते म्हणाले, ‘मग विचारतोस काय? ठेव तिथेच. ८०० मध्ये पुढची सीट मला दे, म्हणजे झालं.’

संपला विषय. मी तासभर उगाच स्वतःशी वाद घालत होतो.

रविवार, कसाऱ्याचा पायथा

पहाटे पाच गाड्या निघाल्या. (कॉन्टेसा आली नाही, मालक आला.) आणि पहिली गाडी बंद पडली लतीफवाडीजवळ, कसारा घाट सुरू व्हायच्या तोंडाशी. कोणती? पिकअपवाली. ओम्नी.

ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली तर पेट्रोलचा वास नाकात गेला. कार्बोरेटरला जाणाऱ्या रबरी पाइपाची क्लिप आदल्या संध्याकाळी नीट आवळलीच नव्हती. धक्क्यांनी ती सैल होत गेली आणि पेट्रोल थेंब थेंब गरम इंजिनावर. क्लिप आवळायला एक स्क्रू ड्रायव्हर आणि दोन मिनिटं लागली. आम्ही हसलो वगैरे, पण मी बाबांकडे पाहिलं, ते हसत नव्हते. गरम इंजिनावर पेट्रोल, वर सीट, सीटवर माणूस. त्या कार्बोरेटरला शनिवारी काही झालेलं नव्हतं. गाडी चांगली चालत होती. ती चांगली गाडी आम्ही राइडच्या आनंदात उघडली आणि बिघडवली.

त्या दिवसापासून ग्रुपचा नियम झालाय. रविवारी निघायचं असेल तर गुरुवारी रात्रीनंतर काही उघडायचं नाही. शुक्रवारी गाडी नेहमीसारखी कामाला घेऊन जायची, वीस-पंचवीस किलोमीटर तरी चालली पाहिजे, मध्ये थांबून, बॉनेट उघडून बघायचं: कुठे ओलं आहे का, कसला वास येतोय का, कुठला पाइप हलतोय का. चाक काढलं असेल तर एवढं अंतर गेल्यावर नट परत एकदा आवळायचे, कारण ते बसतात आणि सैल होतात. हे पंक्चरनंतरही लागू आहे, आणि पंक्चरनंतर कोणी करत नाही.

मग शनिवारी काय करायचं? बघायचं. उघडायचं नाही, बघायचं. टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे, स्टेपनीसकट. स्टेपनीत हवा नसणं हा महाराष्ट्राचा राज्य-आजार आहे. टायरच्या कडेला डॉट शब्दाच्या शेवटी चार आकडे असतात, समजा २३१९, म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. नक्षीची खोली कारसाठी किमान १.६ मिलिमीटर हवी. ज्यांना इगतपुरीपर्यंत समृद्धीवरून जायचंय त्यांनी तर हे टाळूच नये. ५ जून २०२५ ला तिचा शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाल्यापासून आपल्या शहापूर तालुक्यातून ती धावतेय, पण मे महिन्यात सलग तासभर १२० ने कमी हवेचा टायर पळवला की तो दर फेऱ्याला जास्त दबतो, दबून तापतो, आणि फुटायचा तेव्हा विचारत नाही.

बाकी दिवे, वायपर, हॉर्न, इंजिन ऑइल, कूलंट, बॅटरीचे टर्मिनल. हे सगळं अर्ध्या तासात होतं.

चढ

कसारा घाटाबद्दल थोडंच. हा चढ किती आहे ते रेल्वेला विचारा: तिथे रुळांचा चढ सदतिसाला एक आहे आणि कसाऱ्याला लांब गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. गाडीला असं ढकलायला कोणी नसतं, सगळं इंजिनालाच करावं लागतं, आणि वेग कमी म्हणून समोरून वाराही कमी. त्यामुळे रेडिएटरचं पाणी, फॅन बेल्ट आणि होज पाइप इथे उघडे पडतात. काटा लालकडे सरकला तर एसी बंद, हीटर फुल (हो, मे महिन्यात, तो इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो), आणि तरी उतरला नाही तर बाजूला. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण फिरवलं की तोंडावर येतं. अर्धा तास भेळ खा.

जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांचा इथला खास आजार म्हणजे पेट्रोलची वाफ धरणं. इंजिनाशेजारच्या पंपात किंवा पाइपात पेट्रोल तापून वाफ होते, पंपाला वाफ ओढता येत नाही, गाडी खोकते आणि बंद. उपाय: पंपावर ओलं फडकं, दहा मिनिटं सावली. त्या दिवशी दुसऱ्या ८०० ला हे झालं. बाबांनी स्वतःचा पंचा भिजवून दिला आणि वर सांगितलं, ‘आमच्या वेळी प्रत्येक टॅक्सीत हे फडकं असायचं.’ नव्या गाड्यांत पंप टाकीत असतो आणि पेट्रोल दाबाने पुढे येतं, म्हणून तुम्हाला हे माहीत नाही, आणि बरंच आहे.

एक विनंती. गाडी चढावर बंद पडली की चाकाला दगड लावतात, बरोबर आहे, लावा. पण निघताना तो दगड उचलून कठड्याकडे टाका. आपण निघून जातो आणि रात्री मागून येणारा बाइकवाला त्या दगडावर जातो.

माळशेज आम्ही दुपारी चारला उतरलो, ८०० दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रडत. मोबाइलची रेंज घाटात जाते-येते, म्हणून वरच, खुबी फाट्यावर, सगळ्यांनी घरी मेसेज टाकले होते आणि टोकावड्याला भेटायचं ठरवलं होतं. खाली आल्यावर मी सहज म्हणून चाकाजवळ हात नेला. टेकवायची हिंमत झाली नाही, एवढी धग होती. हे गिअरमध्ये, सांभाळून उतरल्यावर. मी काही बोललो नाही. बाबाच म्हणाले, ‘तुझा मिस्त्री शहाणा आहे.’

पुढच्या बुधवारी कुर्ल्याहून, सीएसटी रोडवरून, नवे सिलिंडर आले. दोन. काकांनी मागच्या दोन्ही चाकांना घातले, कारण डावा आतून सडला असेल तर त्याच वयाचा उजवा काही वेगळा नसणार. तो उघडला तर खरंच तसाच होता. नवीन ऑइल भरलं, हवा काढली. शनिवारी संध्याकाळी बाबांना घेऊन किन्हवलीपर्यंत गेलो आणि परत आलो. वाटेत दोनदा रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून पाहिला, गाडी सरळ थांबली. गॅरेजसमोर आल्यावर बाबा गुडघा धरत खाली उतरले, वाकले आणि मागच्या दोन्ही टायरांच्या आतून बोट फिरवलं. बोट उजेडात धरून पाहिलं. धूळ होती, ओलं काही नव्हतं.

काकांनी नट परत एकदा आवळले आणि चहा सांगितला.